चढण्याचा सराव

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. माणिकपूरला जागा घेतली तेव्हा चौथा मजला आम्ही मागून घेतला होता, वारा चांगला येतो म्हणून. वारा अजून येतो. खालच्या रिक्षा स्टँडवरची भांडणं, चर्चची घंटा, शाळा सुटल्याचा गलका, सगळं वर येतं. फक्त आमचं खाली जाणं कमी होत गेलं.

दोघांचं दुखणं एक नव्हतं. मला दम लागतो. उतरायला काही वाटत नाही, पण परत येताना दुसऱ्या मजल्यावर भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं, आणि कोणी येताना दिसलं तर खिशात किल्ली शोधल्यासारखं करावं लागतं. माझी बायको विनया, तिचे गुडघे गेले आहेत. पावसाळ्याआधी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आली, ती शेवटची. त्यानंतर किरकोळ सामानासाठी आम्ही खिडकीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडतो. पिशवीचं जाणं-येणं तेवढं चालू आहे.

त्या पिशवीतून रिटा आम्हाला सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, पाठवायची. रिटा आणि विनया एकाच शाळेत, शेजारशेजारच्या वर्गांवर होत्या. नोकरी सुटल्यावरही त्यांचं एकमेकींकडे जाणं सुटलं नव्हतं. आता रिटालाही चार मजले चढवत नाहीत. म्हणून ती रिक्षा करून आमच्या खिडकीखाली यायची, आतच बसून राहायची, आणि दोघी एकमेकींकडे बघत फोनवर बोलायच्या. रिक्षावाला हँडलवर हात टेकून सगळं ऐकत असायचा.

गणपती गेल्यावर ती अशीच आली. विनयाने फोन स्पीकरवर ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"कॅल्विन नेतोय मला," रिटा म्हणाली. कॅल्विन तिचा मुलगा, ऑस्ट्रेलियात असतो. "नाताळ झाला की लगेच. घराला कुलूप."

"किती दिवसांसाठी?"

"या वयात परतीचं तिकीट कोण काढतं गं?"

खाली रिटाने रिक्षातून डोकं बाहेर काढून वर पाहिलं.

"ऐक. मी जायच्या आधी तू घरी ये. फुगे तळते. कॅल्विनला सांगितलंय, विनया माझ्या अंगणात बसून गेली की मगच मी विमानात बसणार."

"बघते."

"बघते म्हणजे? हेडबाई झालीस काय? येते म्हण."

"येते," विनया म्हणाली.

फुगे म्हणजे नाताळात त्यांच्याकडे तळतात ते गोल, पोकळ पाव. रिटा दरवर्षी डबा भरून शाळेत आणायची, आणि त्यातले दोन विनया रुमालात बांधून माझ्यासाठी घरी आणायची. फोन ठेवल्यावर विनया बराच वेळ खिडकीशीच उभी होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "न्याल का हो मला?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिने माझ्याकडे फार थोड्या गोष्टी मागितल्या आहेत. मी हो म्हणालो. कसं नेणार, ते मला माहीत नव्हतं. मी आयुष्यभर सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासली. काही अडलं की पुस्तकात बघायचं, एवढा एकच मार्ग मला येतो. म्हणून मी म्हातारपणीच्या व्यायामाची पुस्तकं आणली.

पुस्तकं वाईट नव्हती. पण त्यांत 'साठीनंतर', 'सत्तरीनंतर' अशी प्रकरणं होती, जणू माणसाचे गुडघे आणि फुप्फुसं एकाच दिवशी म्हातारी होतात. एका पुस्तकातला सत्तरीचा गृहस्थ टेकडी चढत होता. दुसऱ्यातला पलंगावर पडून पायाची बोटं हलवत होता. आम्ही दोघं त्यांच्या मधे कुठेतरी होतो, आणि तिथे कोणी पान लिहिलं नव्हतं. किंवा लिहिलं असेल, मला सापडलं नाही.

मग मी बागेतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या वर्गाला जाऊन पाहिलं. पुढच्या रांगेत काळूराम नावाचे गृहस्थ असत. खाडीकाठचे शेतकरी, माझ्याहून वयाने मोठे. ते हात असे वर न्यायचे की मला शेवटच्या रांगेत लाज वाटायची. "मास्तर, श्वास घ्या श्वास, पैसे पडत नाहीत त्याला," ते मागे वळून म्हणायचे. मला तिथे सगळे मास्तर समजत, आणि ते दुरुस्त करायचा धीर मला झाला नाही. ज्यांना उभं राहवत नाही त्यांच्यासाठी खुर्चीत बसून करायचे व्यायामही तिथे होते. विनयाला ते जमले असते. पण त्या खुर्च्या खाली होत्या.

शेवटी मी घरी माणूस बोलावला. कौस्तुभ नाव त्याचं, तरुण फिजिओथेरपिस्ट, बोलायला गोड. त्याने विनयाला पलंगावर बसवून तिचे दोन्ही गुडघे दाबून, वाकवून पाहिले.

"आजी, ऑपरेशन नको म्हणता ना? मग स्नायू तरी स्ट्राँग करू. जिन्याचा त्रास नक्की कशात होतो? चढताना की उतरताना?"

विनयाने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "चढताना. चढताना फार."

मी खोटं बोललो नाही. जिना म्हटलं की माझ्या छातीत जे होतं, ते मी सांगितलं. उतरण्यात काही त्रास असू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. विनयाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ती चहा ठेवायला आत गेली.

कौस्तुभने चढण्याचे व्यायाम लिहून दिले. आधी पाटावर पाय ठेवून वर उभं राहायचं. ते जमलं की गच्चीचा जिना चढायचा. "हळूहळू वाढवा. आजींचा कॉन्फिडन्स येईल," तो म्हणाला, आणि दुसऱ्या पेशंटकडे गेला.

आम्ही सुरुवात केली. विनया मोरीजवळच्या पाटावर चढायची, उतरताना ओट्याला धरायची. मी समोर पुस्तक घेऊन उभा. दसऱ्यानंतर आम्ही गच्चीवर जाऊ लागलो. चौथा मजला शेवटचा, त्याच्यावर गच्ची. संध्याकाळी ऊन उतरलं की निघायचं. विनया कठड्याला धरून एकेक पायरी चढायची, आणि मला कबूल केलं पाहिजे, ती बरी चढायची. दिवाळीपर्यंत ती माझ्या पुढे असायची. मी वर पोचेपर्यंत ती टाकीपलीकडे जाऊन उभी असायची. तिथून दोन टॉवरच्या फटीत रिटाच्या घराची कौलं दिसतात, आणि तिच्या अंगणातल्या माडांचे शेंडे.

"बघितलंत?" ती म्हणायची. "बाई घरात आहेत. खिडकी उघडी आहे."

मी टाकीच्या ओट्यावर बसून दम खात असायचो. मला बोलताही येत नसे. थोड्या वेळाने ती म्हणायची, "तुम्ही बसा सावकाश. मी होते पुढे. कुकर लावायचाय." मी मान हलवायचो. खाली येऊन बघतो तर ती ओट्याशी उभी असायची, कुकर झालेला असायचा. तिच्या साडीला मागे धूळ लागलेली असायची. ती गच्चीत कुठेतरी टेकली असेल असं मला वाटायचं, आणि जाता जाता मी ती धूळ हाताने झटकायचो.

मी खुशीत होतो. या वयात मी एखादी गोष्ट ठरवून पार पाडतो आहे असं मला वाटू लागलं होतं. कौस्तुभ पुन्हा आला तेव्हा मी त्याला अभिमानाने सांगितलं. तो म्हणाला, "वा, आजोबा, तुम्हालाच कामावर ठेवतो." विनया हसली. मला ते हसणं आता वेगळं आठवतं, पण माणूस मागाहून काहीही आठवू शकतो.

डिसेंबर लागला तेव्हा मी प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या वळणाशी एकेक प्लास्टिकची खुर्ची ठेवायचं ठरवलं. दोघांनाही बसता येईल म्हणून. सोसायटीचा सेक्रेटरी जितेंद्र तिसऱ्या मजल्यावर राहतो. तो खुर्ची बघून दारातच उभा राहिला.

"काका, जिन्यात सामान ठेवायचं नाही असा ठराव आहे."

"थोडे दिवस. हिला खाली न्यायचं आहे."

"ठेवा, ठेवा. फक्त लोकांना सवय लागली की उद्या कपाटं येतील." मग जरा थांबून म्हणाला, "काका, रीडेव्हलपमेंट होतंय ना आता. लिफ्टच येणार मग."

हे तो गेली कितीतरी वर्षं म्हणतो आहे. त्या लिफ्टची वाट बघत बिल्डिंगमधली निम्मी म्हातारी माणसं गेली. दुसऱ्या मजल्यावरचा जॅक्सन त्याच वेळी कामावरून येत होता. आडदांड मुलगा, आणि मनाने चांगला. तो खुर्ची उचलून वजन बघत म्हणाला, "एवढं कशाला, काका? काकींना हिच्यातच बसवा. मी न् जितेंद्रभाई दोन मिनटात खाली नेतो."

मी वर जाऊन विनयाला सांगितलं. तिने निवडत असलेली मेथी बाजूला ठेवली.

"धोंडूबाईंना कसं नेलं होतं, आठवतं ना?"

आठवत होतं. धोंडूबाई तिसऱ्या मजल्यावर वारल्या. जिन्याचं वळण अरुंद, स्ट्रेचर वळेना. मग त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, साडीने बांधून खाली नेलं होतं. आम्ही वरून कठड्याशी उभं राहून बघत होतो.

"तशी मी एकदाच जाईन," विनया म्हणाली. "रिटाकडे पायांनी जाणार."

नाताळाच्या आदल्या आठवड्यातली एक दुपार ठरली. विनयाने सकाळीच साडी काढली. फिकट आकाशी, जरीची बारीक किनार. शाळेने निरोप दिला त्या दिवशी नेसली होती तीच. केसांत अबोलीचा गजरा माळला, जो पिशवीतूनच वर आला होता. रिटाने ओळखीचा रिक्षावाला पाठवला होता. तो खाली येऊन थांबल्याचं फोनवर कळलं, आणि मी दाराला कुलूप लावलं.

"चला," मी म्हणालो. "चढण्यापेक्षा हे सोपं आहे."

ती पहिल्या पायरीशी उभी राहिली. दोन्ही हातांनी कठडा धरला, त्याच्याकडे तोंड करून वळली, आणि एक पाय खाली सोडला. तो पाय पायरीवर टेकताना तिचा चेहरा जसा झाला, तसा मी गच्चीचा जिना चढताना एकदाही पाहिला नव्हता. दुसरा पाय खाली आला. पुन्हा तसंच. तिसऱ्या मजल्याच्या वळणापर्यंत आम्ही आलो तेव्हा तिच्या गजऱ्याखालून घाम वाहत होता. ती खुर्चीत बसली. खुर्चीवर कोणीतरी वाळत घातलेलं पायपुसणं होतं, ते मी काढलं.

"दुखतंय?"

"तुम्ही पुढे व्हा," ती म्हणाली. "मागे बघू नका."

"असं कसं?"

"व्हा ना पुढे. सांगते तेवढं करा."

मी पुढे झालो. काही पायऱ्या उतरलो आणि मागून आवाज आला. पायांचा नव्हता. कापड दगडावर घासल्याचा होता. थोडा थांबायचा, पुन्हा घासायचा. मी मागे पाहिलं नाही. न बघताच मला ती साडीची धूळ आठवली. ती रोज गच्चीवरून अशीच येत होती. लहान मूल येतं तशी, बसून, एकेक पायरी सरकत. आणि मी वर बसून दम खात, आज कशी छान चढली, असं मनात म्हणत होतो.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी थांबलो. ती खाली आली, कठड्याला धरून उठली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही त्या मुलाला इतक्या हौसेने सांगत होतात." ती पदराने मान पुसत होती. "मला वाटलं, पाय बळकट झाले की दोन्ही होईल. एकच जिना आहे ना."

मी तिला परत जाऊ या म्हणालो. ती नको म्हणाली. उरलेले मजलेही ती तशीच उतरली. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडलं, पाहिलं आणि हळूच लावून घेतलं. मला त्यांचे आभार मानावेसे वाटले.

खाली पोचलो. उन्हात रिक्षा उभी होती. खरंच पोचलो होतो. विनया बिल्डिंगच्या दारात आली, उजेडात उभी राहिली, आणि मग तिने मान वळवून आपल्या साडीकडे पाहिलं.

आमचा जिना कोण झाडतं, कोण नाही, हे सांगण्यात अर्थ नाही. पानाच्या पिचकाऱ्या होत्या, कोणाच्या तरी पिशवीतून सांडलेलं माशांचं पाणी होतं. आकाशी साडीवर ते सगळं मागे कमरेपासून खाली लागलं होतं. एके ठिकाणी किनार फाटली होती. मी रुमालाने पुसायला गेलो, तर डाग आणखी पसरला.

"राहू द्या," ती म्हणाली.

"रिटाला काय वाटणार आहे? ती तुला ओळखत नाही का?"

"कॅल्विन आहे. त्याची बायको आहे. शेजारच्या बायका बोलावल्या असतील तिने. माझी विनया येणार म्हणून." ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली, जाणाऱ्या-येणाऱ्यांना दिसू नये अशी. "अशी नाही जायची मी."

"मी दुसरी साडी घेऊन येतो."

ती काही म्हणायच्या आत मी जिन्याला लागलो. मला वाटलं, एवढं तरी मला करता येईल. पहिला मजला मी जवळजवळ धावत चढलो, माझ्या मानाने. दुसऱ्याच्या निम्म्यात डोळ्यांपुढे काळं आलं. मी कठडा धरून खुर्चीपर्यंत पोचलो आणि बसलो. छाती भात्यासारखी चालली होती, पण हवा आत येत नव्हती. किल्ली मुठीत होती. वर आणखी दोन मजले होते. मी किती वेळ बसलो, माहीत नाही. खाली रिक्षावाल्याने हॉर्न दिला. मग विनयाचा फोन वाजला, आणि जिन्याच्या पोकळीतून तिचा आवाज वर आला. वर्गात असायचा तसा, स्वच्छ.

"अगं, यांना दम लागलाय. हो, आत्ताच. नाही, डॉक्टर नको, होतं त्यांना असं. पण आज नको गं. रिक्षा परत पाठवते."

मग ती वर आली. चढत आली. कठड्याला एक हात, पाठ ताठ, एकामागून एक पायरी, कुठेही न थांबता. तीन महिने केलेला सराव होता तो. माझ्याशी पोचली तेव्हा तिला फारसा दमही लागला नव्हता.

"किल्ली द्या," ती म्हणाली.

मी दिली. ती पुढे चढून गेली. मागून मला ती साडी दिसत राहिली, वळणाआड जाईपर्यंत.

जॅक्सनची त्या दिवशी सुट्टी होती. त्याने दार उघडून मला पाहिलं आणि जितेंद्रला हाक मारली. मी नको नको म्हणत होतो, पण तोंडातून शब्द येत नव्हते. दोघांनी मला खुर्चीसकट उचललं. वळणावर खुर्ची तिरकी झाली तेव्हा मी डोळे मिटले.

"घाबरू नका, काका," जॅक्सन म्हणाला. "वर नेतोय, खाली नाही."

जितेंद्र हसला. मीही हसल्यासारखं केलं.

रिटा गेली त्या दिवशी कॅल्विनची गाडी आमच्या खिडकीखाली थांबली. रिटा काठी घेऊन बाहेर उतरली आणि मान मागे टाकून उभी राहिली. विनयाने पिशवी सोडली. पिशवीतून फुग्यांचा डबा वर आला.

"सदानंदांना म्हणावं, दम धरा," रिटा फोनवर म्हणाली. "तुमच्या दमापायी माझी पार्टी बुडाली."

"सांगते," विनया म्हणाली.

"आणि तू काय, तिथेच बसणार वर? कावळ्यांना शिकव आता."

"तेवढेच येतात वर्गात."

फोन चालूच होता. कॅल्विनने आईला धरून गाडीत बसवलं. गाडी स्टँडच्या गर्दीतून हळूहळू निघाली आणि कोपऱ्यावर वळली. विनया दोरी गुंडाळत होती. फुगे गार होऊन चिवट झाले होते. आम्ही ते चहात बुडवून खाल्ले.

खुर्च्या जितेंद्रने एका रविवारी वर आणून दिल्या. आमच्या बाहेरच्या खोलीत आता इतक्या खुर्च्या आहेत की पाहुणे येणार असल्यासारखं दिसतं. कौस्तुभला मी फोन करून खरं सांगितलं. तो म्हणाला, "अरेरे. उतरण्याचे व्यायाम वेगळे असतात, आजोबा. सांगायला हवं होतं. येऊ का?" मी विनयाला विचारलं. तिने नको अशी मान हलवली. उतरून आता जायचं कुठे, असं ती म्हणाली नाही, पण मला ते ऐकू आलं.

संध्याकाळी ती अजून गच्चीवर जाते. एकटीच. मी बरोबर येऊ का, असं विचारणं मी सोडलं आहे. रिटाच्या घराची खिडकी बंद असते, हे तिने एकदा सांगितलं, त्यानंतर काही सांगितलं नाही. मी बाहेरच्या खोलीत पुस्तक उघडून बसतो. थोड्या वेळाने गच्चीच्या जिन्यावर तो आवाज सुरू होतो. कापड घासतं, थांबतं, घासतं. दार उघडंच असतं. ती दारात येईपर्यंत मी पुस्तकातून मान वर करत नाही, आणि ती आत आली की जणू आत्ताच चाहूल लागली असं दाखवून विचारतो, "आलीस?"

"आले," ती म्हणते, आणि कुकर लावायला जाते.